तारकाचिन्हाला अवतरणांचे कुंपण

सुरतच्या आग्नेय भागात, उधन्याच्या लोहमार्गापासून जवळच पसरलेल्या लिंबायतमध्ये फिरताना आपण गुजरातेत आहोत याचा क्षणभर विसर पडतो. दुकानांच्या पाट्या गुजरातीत असल्या, तरी ओट्यावरच्या गप्पांत मराठी आणि अहिराणी ऐकू येते. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून कामाच्या शोधात आलेली कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावली आहेत. तापीच्या खोऱ्यातून जाणारा लोहमार्ग हा या स्थलांतराचा हमरस्ता ठरला. सुरत महानगरपालिकेची शिक्षण समिती आजही गुजरातीबरोबर मराठी माध्यमाच्या शाळा चालविते, यावरून या वस्तीचा विस्तार ध्यानी यावा.

या वस्तीचे पोट कापडावर चालते. कोणी मागावर, कोणी रंगाईच्या मिलमध्ये, तर कोणी भरतकामाच्या खात्यात राबतो. घरोघरी बायका साड्यांना खडे चिकटवितात, लेस लावतात, सुटे धागे कापतात. या साखळीच्या एका टोकाला संगणक बसलेला आहे, आणि आजचा विषय त्या संगणकावरील एका बारीकशा चिन्हाचा आहे. चिन्ह तारकेचे, पण ते चुकीच्या जागी उघडे राहिले, तर वर्षानुवर्षांचे काम नाहीसे होऊ शकते. गोव्यातील वाचकाला लिंबायत दूरचे वाटेल. परंतु ज्यांच्या संगणकावर जपण्याजोगे काही आहे आणि ज्यांना ते आज्ञावली लिहून शोधावे लागते, त्या सर्वांना हा धडा सारखाच लागू आहे.

नक्षीची फाइल म्हणजे काय?

भरतकामाची यंत्रे संगणकावर चालू लागल्यापासून नक्षी कागदावरून फाइलमध्ये गेली. रेखाटलेल्या नक्षीतील प्रत्येक टाका संगणकावर बसविण्याच्या कामाला या धंद्यात ‘पंचिंग’ म्हणतात. पंचिंग करणारा कारागीर सहसा दोन प्रकारच्या फाइली राखतो. पहिली मूळ फाइल, जिच्यात पुढे फेरफार करता येतो. विलकॉम या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये तिच्या नावाला ‘ईएमबी’ हे शेपूट असते. दुसरी यंत्राला द्यावयाची फाइल, ‘डीएसटी’ शेपटाची. ताजिमा या जपानी यंत्रनिर्मात्या कंपनीचा हा प्रकार आज इतर कंपन्यांची यंत्रेही वाचतात. डीएसटी फाइलमध्ये सुई किती सरकवायची, कोठे थांबून धागा बदलायचा, एवढेच नोंदलेले असते. एका टाक्याला तीन बाइट पुरतात.

फाइल लहान असली, तरी तिच्यामागे कारागिराचे तास नि दिवस असतात. व्यापाऱ्याने लग्नसराईच्या तोंडावर दोन वर्षांपूर्वीचीच नक्षी पुन्हा मागितली आणि ती सापडली नाही, तर पंचिंग नव्याने करावे लागते. तोवर यंत्र थांबते; यंत्र थांबले की खडे चिकटविणाऱ्या घरांचे कामही थांबते.

आता एक खाते डोळ्यांपुढे आणू या. खाते कल्पित आहे, पण त्यात घडणारी गोष्ट कोणत्याही संगणकावर करून पाहता येते. खात्यातील सर्व नक्ष्या एका साठवणपेटीत आहेत. अनेक संगणकांनी एकत्र वापरायच्या अशा पेट्यांवर बहुधा लिनक्स ही कार्यप्रणाली चालते. पेटीत ‘नक्षी’ नावाचे मुख्य फोल्डर आहे, त्यात वर्षवार फोल्डर आणि प्रत्येक वर्षात पार्टीवार फोल्डर. पेटी जुनी झाली म्हणून सगळ्या डीएसटी फाइली नव्या डिस्कवर न्यायच्या आहेत. मालकाचा मुलगा संगणक शिकलेला आहे. तो मुख्य फोल्डरमध्ये जाऊन ही आज्ञा देतो :

फाइंड . -नेम *.डीएसटी

(वाचकांच्या सोयीसाठी आज्ञा येथे देवनागरीत छापल्या आहेत. प्रत्यक्षात फाइंड, नेम हे शब्द रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकावे लागतात. चिन्हे मात्र येथे आहेत तशीच.)

‘फाइंड’ म्हणजे शोध. बिंदू म्हणजे सध्याचे फोल्डर व त्याच्या पोटातील सर्व फोल्डर. ‘-नेम’ म्हणजे पुढे दिलेल्या नावाशी जुळणाऱ्या फाइली. तारका हे वाइल्डकार्ड, अर्थात रमीतला जोकर : ती कोणत्याही अक्षरांची, कितीही अक्षरांची जागा घेते. तेव्हा आज्ञेचा अर्थ सरळ दिसतो – शेवटी ‘.डीएसटी’ असलेली प्रत्येक फाइल, ती कितीही खोल असो, शोधून दाखव. मुलाचा हेतू तोच आहे. परंतु तो हेतू फाइंडपर्यंत पोहोचेलच असे नाही.

मधला वाचक

आपण टंकलेली ओळ थेट फाइंडच्या हाती जात नाही. मध्ये ‘शेल’ नावाचा प्रोग्राम असतो. ओळ प्रथम तो वाचतो, तिचे शब्द पाडतो, आणि मगच योग्य त्या प्रोग्रामला बोलावून ते शब्द त्याच्या स्वाधीन करतो. या वाचनात त्याला एखाद्या शब्दात उघडी तारका दिसली, तर तो स्वतःच तिचा अर्थ लावतो. समोरच्या फोल्डरमध्ये त्या नमुन्याशी जुळणारी नावे आहेत का, हे तो पाहतो आणि असल्यास तारकेच्या जागी ती नावे लिहून टाकतो. तो फक्त समोरचे फोल्डर पाहतो, पोटातली फोल्डरे पाहत नाही. फाइंडला तारका कधी दिसतच नाही. दिसतात ती शेलने लिहिलेली नावे.

यातून एकाच आज्ञेचे तीन निरनिराळे परिणाम संभवतात.

पहिली शक्यता : मुख्य फोल्डरमध्ये थेट एकही डीएसटी फाइल नाही, सगळ्या आतल्या फोल्डरांत आहेत. तेव्हा लिनक्सवर सर्रास आढळणारा ‘बॅश’ हा शेल काहीच जुळले नाही म्हणून तारका आहे तशीच पुढे सरकवितो. फाइंडला नमुना मिळतो आणि सगळ्या फाइली सापडतात. आज्ञा सदोष होती, पण उत्तर बरोबर आले.

दुसरी शक्यता : मुख्य फोल्डरमध्ये दोन किंवा अधिक डीएसटी फाइली आहेत. समजा, ‘बुट्टी’ आणि ‘पल्लू’ या नावांच्या. शेल ओळ अशी करतो :

फाइंड . -नेम पल्लू.डीएसटी बुट्टी.डीएसटी

‘-नेम’ला एकच नाव हवे असते. दुसऱ्या नावाचे काय करावे हे फाइंडला कळत नाही, तो चूक दाखवून थांबतो. लिनक्सवरील फाइंडच्या नव्या आवृत्त्या तर ‘-नेम’च्या पुढे अवतरणचिन्हे द्यायची राहिली असावीत, अशी शंकाही व्यक्त करतात. वापरणाऱ्याला राग येतो, पण नुकसान काही होत नाही.

तिसरी शक्यता सर्वांत घातक. मुख्य फोल्डरमध्ये नेमकी एकच डीएसटी फाइल पडलेली आहे. कोणीतरी घाईत ‘पल्लू’ची नक्षी योग्य फोल्डरऐवजी तेथेच ठेवून दिली. शेल ओळ अशी करतो :

फाइंड . -नेम पल्लू.डीएसटी

ही आज्ञा व्याकरणाने निर्दोष आहे. फाइंड ती इमानाने पाळतो आणि ‘पल्लू’ याच नावाच्या फाइली शोधतो. वेगवेगळ्या पार्टींच्या फोल्डरांत त्या नावाच्या आणखी दहा-बारा फाइली असल्या, तर त्याही दाखवितो. पडद्यावर यादी येते आणि चूक कोठेच दिसत नाही. त्या यादीवर विसंबून फाइली नव्या डिस्कवर उतरवल्या आणि जुनी पेटी पुसली, तर बाकीच्या सर्व नक्ष्या गेल्या. त्या गेल्याचे कळते तेव्हा दाराशी व्यापारी उभा असतो.

पहिल्या व तिसऱ्या शक्यतेत आज्ञेतील एकही अक्षर बदललेले नाही, हे येथे विशेष ध्यानात घ्यावे. बदलली ती केवळ फोल्डरमधील स्थिती. म्हणूनच वर्षभर बिनबोभाट चाललेली आज्ञा एके दिवशी खोटे उत्तर देते. ‘आजवर चालले, म्हणजे बरोबर असणार’ हा विश्वास येथे दगा देतो.

नकार जोडला की संकट मोठे

शोधात चूक झाली तर यादी अपुरी येते. पुसण्यात झाली, तर मागे फिरण्याची वाट उरत नाही. समजा, डीएसटी फाइलींच्या बऱ्याच प्रती पेटीत आहेत. त्यांखेरीज बाकीचे सगळे, म्हणजे जुनी छायाचित्रे, बिले, तात्पुरत्या फाइली, काढून जागा मोकळी करायची आहे. फाइंडमध्ये उद्गारचिन्ह हे नकाराचे चिन्ह आहे, आणि ‘-डिलीट’ म्हणजे पुसणे. आज्ञा अशी दिली :

फाइंड . -टाइप एफ ! -नेम *.डीएसटी -डिलीट

अर्थात, ज्यांचे नाव डीएसटीने संपत नाही अशा सर्व फाइली पुसून टाक. आता मुख्य फोल्डरमध्ये ती एकटी ‘पल्लू’ पडलेली असेल, तर शेलच्या हातून आज्ञेचा अर्थ असा होतो : ज्या फाइलीचे नाव ‘पल्लू.डीएसटी’ नाही, ती प्रत्येक फाइल पुसून टाक. ज्या नक्ष्या वाचवायच्या होत्या, त्याच पुसल्या जातात. लिनक्सच्या आज्ञावलीतून पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही.

उपाय : दोन चिन्हांचे कुंपण

उपाय अगदी साधा आहे. तारका असलेला शब्द अवतरणचिन्हांत ठेवावा :

फाइंड . -नेम '*.डीएसटी'

अवतरणचिन्हांतील तारका हे केवळ एक अक्षर आहे, असे शेल मानतो. तो तिचा अर्थ लावायला जात नाही. अवतरणचिन्हे काढून घेऊन तो आतला मजकूर जसाच्या तसा फाइंडच्या हाती ठेवतो. पुढे फाइंड स्वतः प्रत्येक फोल्डरमध्ये उतरून नावे त्या नमुन्याशी ताडून पाहतो. उघड्या चिठ्ठीऐवजी बंद पाकीट पाठविण्यासारखेच हे आहे. मुख्य फोल्डरमध्ये शून्य, एक वा शंभर फाइली असोत, उत्तर बदलत नाही.

हे कुंपण तीन प्रकारे घालता येते : एकेरी अवतरणे '*.डीएसटी', दुहेरी अवतरणे "*.डीएसटी", किंवा तारकेच्या आधी उलटी तिरकी रेघ \*.डीएसटी. तारकेपुरते तिन्ही सारखेच. एकेरी अवतरणांत शेल कशालाही हात लावत नाही. दुहेरी अवतरणांत मात्र डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या चल-नावांची किंमत तो भरतो. म्हणून नमुन्यातील काही भाग चल-नावातून यायचा असेल तर दुहेरी, एरवी एकेरी, अशी सवय ठेवावी. प्रश्नचिन्ह आणि चौकोनी कंस हीही वाइल्डकार्डे असल्याने हाच नियम त्यांनाही लागू होतो.

येथे एक सावधगिरी. शेलला कळतात ती सरळ, उभी अवतरणचिन्हे. मोबाइलवरील संदेशांत किंवा लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती पुष्कळदा आपोआप वळणदार होतात. अशी ओळ उचलून तशीच चिकटवली, तर शेल त्या वळणदार चिन्हांना कुंपण न मानता नावाचाच भाग समजतो. तेव्हा अवतरणे स्वतः टंकावीत.

आज्ञा देण्याआधी पारख

शेल आपल्या ओळीचे काय करणार आहे, हे आधी पाहता येते. ओळीच्या सुरुवातीला ‘इको’ हा शब्द लावावा :

इको फाइंड . -नेम *.डीएसटी

इको काहीही शोधत नाही आणि पुसतही नाही. शेलने दिलेले शब्द पडद्यावर लिहितो, इतकेच. तारकेच्या जागी एखादे नाव उमटले, की कुंपण राहिले हे तत्काळ कळते.

पुसण्यापूर्वी आणखी दोन पथ्ये पाळावीत. ‘-डिलीट’ न लिहिता तीच आज्ञा आधी चालवून यादी नजरेखालून घालावी, आणि मगच शेवटी ‘-डिलीट’ जोडावे. ते शेवटीच हवे. फाइंड अटी डावीकडून उजवीकडे तपासतो, त्यामुळे ‘-डिलीट’ नावाच्या अटीआधी आले तर अट तपासण्याची वेळच येत नाही, समोर येईल ते पुसले जाते. फाइली हलवताना दोन्ही ठिकाणची संख्या ताडून पाहावी. शोधाच्या आज्ञेपुढे उभी रेघ देऊन ‘डब्ल्यूसी -एल’ लिहिले की यादीतील ओळींची मोजदाद मिळते. दोन्ही आकडे जुळल्याविना जुनी डिस्क पुसू नये.

आणखी एक खाचखळगा : काही फाइलींचे शेपूट रोमन लिपीतील मोठ्या अक्षरांत असते, काहींचे लहान. लिनक्स ही दोन वेगळी नावे मानतो. म्हणून ‘-नेम’ऐवजी ‘-आयनेम’ वापरावे. ते लहान-मोठ्या अक्षरांत भेद करीत नाही.

ही सवय आली कोठून?

पंचिंगचे सॉफ्टवेअर बहुधा विंडोजवर चालते. विंडोजच्या आज्ञावलीत ‘डीआयआर *.डीएसटी /एस’ असे उघडे लिहिले, तरी आतल्या सर्व फोल्डरांतील फाइली मिळतात, कारण तेथील शेल तारकेला हात न लावता ती आज्ञेकडेच सोपवितो. डॉसच्या काळापासून ही रीत आहे. तीच सवय घेऊन माणूस लिनक्सच्या पेटीसमोर बसतो.

लिनक्सची रीत युनिक्सकडून आली आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडलेल्या युनिक्सच्या १९७१ सालच्या पहिल्या आवृत्तीत ‘ग्लोब’ नावाचा एक स्वतंत्र प्रोग्राम होता. ‘ग्लोबल’ या शब्दाचे ते लघुरूप. ओळीत तारका दिसली, की शेल त्याला बोलावी आणि नावे भरून घेई. प्रत्येक प्रोग्रामने तेच काम पुन्हा पुन्हा लिहिण्यापेक्षा ते एका जागी व्हावे, हा या रीतीचा लाभ. फाइंड ही आज्ञा १९७४ सालच्या पाचव्या आवृत्तीत आली. पोटातील फोल्डरांत उतरणे हेच तिचे काम असल्याने तिला स्वतःचा नमुना लागतो. एकच तारका शेललाही हवी आणि फाइंडलाही, असा हा पेच आहे. अवतरणचिन्हे तो सोडवितात. १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बोर्न यांच्या शेलने नावे भरण्याचे काम स्वतःच्या पोटात घेतले. आजचा बॅश त्याच वंशातला.

मॅक संगणकांवर २०१९ पासून ‘झेडशेल’ हा शेल आधीपासून नेमलेला असतो. उघड्या तारकेशी काही जुळले नाही, तर तो आज्ञा चालवायलाच नकार देतो. नवख्याला हा आडमुठेपणा वाटतो. वस्तुतः चूक लवकर उघडी पडते. मात्र एक फाइल जुळली, तर तेथेही तोच धोका कायम राहतो.

मराठी नावांची गोष्ट

फाइलींची नावे मराठीत ठेवणाऱ्यांसाठी एक सूचना. तारका कितीही अक्षरांची जागा घेते, प्रश्नचिन्ह मात्र एकाच अक्षराची. पण संगणकाचे ‘अक्षर’ आपल्या अक्षरासारखे नाही. ‘साडी’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरी. संगणकाला तो चार खुणांचा : स, काना, ड आणि दीर्घ वेलांटी. म्हणून ‘साडी’शी जुळायला दोन नव्हे, चार प्रश्नचिन्हे लागतात. ‘क्ष’ तर क, हलन्त आणि ष अशा तीन खुणांचा. मराठी नावांत प्रश्नचिन्हाच्या भानगडीत न पडता तारका वापरावी, आणि अर्थातच तिला कुंपण घालावे.

कुंपण कोठे नको?

सगळीकडेच अवतरणे लावणेही बरोबर नाही. समोरच्या फोल्डरमधील डीएसटी फाइलींची यादी हवी असेल, तर ‘एलएस *.डीएसटी’ हे उघडेच लिहावे. तेथे नावे शेलनेच भरायची असतात. अवतरणे लावली, तर ‘एलएस’ खरोखरच तारका असलेल्या नावाची फाइल शोधू लागतो आणि ती नाही असे सांगतो. उलट, संदेशातून आलेल्या अनेक झिप फाइली एकदम उघडायच्या असतील, तर ‘अनझिप '*.झिप'’ असे कुंपण हवेच. उघड्या तारकेने पहिली फाइल तेवढी झिप मानली जाते आणि उरलेली नावे तिच्या पोटात शोधली जातात.

तेव्हा प्रत्येक वेळी एकच प्रश्न स्वतःला विचारावा : या तारकेचा अर्थ कोणी लावायचा आहे, शेलने की पुढच्या आज्ञेने? शेलने असेल तर ती उघडी ठेवावी, पुढच्या आज्ञेने असेल तर झाकावी. फाइंडच्या ‘-नेम’पुढे ती नेहमी झाकलेलीच हवी.

लिंबायतच्या खात्यात नक्ष्या आहेत; म्हापशाच्या छायाचित्रकाराकडे लग्नांची छायाचित्रे असतील, फोंड्याच्या लेखापालाकडे अशिलांचे हिशेब, एखाद्या गावच्या नाट्यमंडळाकडे जुन्या संहितांच्या प्रती. या सर्वांनी आपल्या जुन्या आज्ञा आणि स्क्रिप्ट एकदा उघडून पाहाव्यात. ‘-नेम’पुढे तारका उघडी दिसली, तर तेथे दोन अवतरणचिन्हे आजच टंकावीत, आणि आजवर त्या आज्ञेने घेतलेल्या प्रतींची संख्या मूळ फाइलींशी ताडून पाहावी.